साडेतीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालंय, थेरपी सुरू होईपर्यंत घरी नेमकं काय करू?

निळीछत्री

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी निदान झालं, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर लेव्हल २. डॉक्टर चांगल्या होत्या, भरपूर वेळ दिला, पण खरं सांगू का, पहिल्या दोन वाक्यांनंतर मला काही ऐकूच आलं नाही, मी नुसती मान हलवत बसले होते. रिपोर्टमध्ये एका ठिकाणी ऑटिझमसाठी स्वमग्नता असा शब्द आहे आणि तो वाचला की माझ्या पोटात खड्डा पडतो, म्हणजे माझं बाळ स्वतःतच बुडालंय आणि मी त्याच्यासाठी नाहीच आहे का, असं वाटत राहतं.

दीड वर्षाचा होता तेव्हा पंधरा-वीस शब्द होते, मग हळूहळू गेले. आता एका कार्टूनमधली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो, त्याच सुरात. "पूल तुटला, पूल तुटला" हे तर दिवसातून वीसदा. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवतो. बोट दाखवत नाही. गाड्या उलट्या करून चाकं फिरवत बसतो. मिक्सर लावला की कान झाकून पळतो. नखं कापायची तर तिघं लागतात, एकाने पाय धरायचे, एकाने हात, आणि नंतर तो तासभर रडतो आणि मी पण. बागेतून घरी येताना रोज रस्त्यात लोळण घेतो, लोक बघत उभे राहतात. झोपायला बारा वाजतात.

थेरपीसाठी नाव नोंदवलंय पण नंबर लागायला अजून अडीच महिने आहेत. नेटवर वाचलं की आठवड्याला ४० तास थेरपी हवी, पाचव्या वर्षाच्या आत झालं तर झालं नाहीतर गेलं. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, उगाच शिक्का मारून आणलात. नवरा काहीच म्हणत नाही, ऑफिसमधून आला की गप्प बसून राहतो. आणि मी रात्री जागून हिशोब करत बसते की माझं कुठे चुकलं, गरोदरपणात काही केलं का, मोबाईल दिला म्हणून झालं का, लस दिली म्हणून झालं का.

या अडीच महिन्यांत घरी काय करू? अगदी रोजच्या रोज काय करायचं ते सांगा प्लीज. मी सगळं करायला तयार आहे, फक्त काय ते कळत नाहीये.

---

दोनवेण्या

ताई, आधी त्या रात्रीच्या हिशोब करण्याबद्दल बोलू, कारण त्यात तुझी जी शक्ती जातेय ती त्याच्यासाठी लागणार आहे.

लशीचं जे पसरलं ते १९९८ साली ब्रिटनमध्ये छापून आलेल्या एका संशोधनाच्या पेपरवरून, फक्त १२ मुलांवरचा. तो पेपर छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढून टाकलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, लस आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. आणि आईच्या वागण्याने ऑटिझम होतो हे तर एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा सांगायचे, आई थंड असते म्हणून मूल असं होतं म्हणे, कित्येक बायकांनी आयुष्यभर ते ओझं वाहिलं आणि शेवटी ते साफ खोटं निघालं. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असतो आणि मेंदूची घडण गर्भातच वेगळी व्हायला लागते. तू मोबाईल दिलास म्हणून हे झालेलं नाही. हे कागदावर लिहून भिंतीवर लाव हवं तर.

माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे, तिलाही लेव्हल २ च सांगितलं होतं. लेव्हल म्हणजे आत्ता किती आधार लागतोय एवढंच. त्यावरून बुद्धी किती किंवा पुढे काय होईल ते ठरत नाही, आणि ती बदलूही शकते.

आता घरी काय करायचं. पहिला आठवडा काहीच करू नकोस असं मी सांगेन. खरंच. नुसतं बघ आणि एक वही ठेव. तो कधी खूश असतो, कशाने बिथरतो, बिथरायच्या आधीची पाच मिनिटं काय चाललं होतं, आवाज होता का, भूक होती का, कोणी आलं होतं का, काही अर्धवट राहिलं होतं का. मी माझ्या मुलीच्या बाबतीत हे दोन वर्षं उशिरा सुरू केलं, तोवर तिला हट्टी समजत होते आणि तिच्यावर ओरडत होते, ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं. लोळण घेणं हा हट्ट असतो तेव्हा मूल मधेच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं आपलं लक्ष आहे का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउन मध्ये असं नसतं, तिथे सगळा फ्यूजच उडालेला असतो, हवं ते हातात दिलं तरी थांबत नाही. त्या वेळी समजावणं, रागावणं, "काय झालं सांग" म्हणणं सगळं बंद. आवाज कमी, उजेड कमी, बघ्यांना बाजूला करायचं, त्याला लागणार नाही एवढं बघायचं आणि जवळ बसून राहायचं. शिकवायचं ते नंतर, शांत असताना.

दुसरं म्हणजे पुढे काय होणार ते त्याला दिसू दे. बोललेले शब्द हवेत विरून जातात, चित्र समोर राहतं. मी फोनवर आमच्याच घरातले फोटो काढले, आमचाच ब्रश, आमचाच बिछाना, आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने लावले, झालं की फोटो काढून डबीत टाकायचा. सुरुवातीला दोनच फोटो, आधी हे मग ते. मोठी पट्टी करू नकोस, मी उत्साहात बारा फोटोंची केली होती, तिने सगळी फाडली.

आणि सासूबाईंशी वाद घालू नकोस, एक काम सोपव. आमच्या घरात आजी फक्त फुगे उडवायची. साबणाच्या पाण्याचे फुगे, एक उडवायचा आणि थांबायचं, ती बघेपर्यंत. महिनाभरात आजीला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं होतं.

---

सूर्यफूल७७

माझं ऐका, हा व्हर्च्युअल ऑटिझम असणार, म्हणजे स्क्रीनमुळे होणारा. आजकाल सगळ्या मुलांना होतोय. स्क्रीन पूर्ण बंद करा आणि गहू आणि दूध पण बंद करा, आमच्या शेजारच्यांच्या मुलीला तीन महिन्यांत फरक पडला, आता धडाधड बोलते. एवढ्या लवकर लेबल लावून घेऊ नका.

---

ध्वनिलहर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, बारा वर्षं लहान मुलांबरोबरच काम करते. तुमचं मूल मी पाहिलेलं नाही, त्यामुळे जे बहुतेक मुलांना लागू पडतं तेवढंच लिहिते.

सूर्यफूल, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण व्हर्च्युअल ऑटिझम हे कुठल्याही अधिकृत वर्गीकरणात असलेलं निदान नाही. तासन्‌तास स्क्रीनसमोर असलेलं मूल उशिरा बोलू शकतं आणि स्क्रीन कमी केल्यावर सुधारू शकतं, ते खरं. स्क्रीन कमी करून माणसांबरोबरचा वेळ वाढवणं सगळ्याच मुलांसाठी चांगलं. पण नीट तपासणी करून झालेलं निदान त्याने पुसलं जात नाही, आणि "स्क्रीन बंद केली की जाईल" म्हणत थांबलेली कुटुंबं माझ्याकडे दोन दोन वर्षं उशिरा येतात. गहू दूध बंद करण्याबद्दल, ऑटिझमसाठी त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि आधीच चार-पाचच गोष्टी खाणाऱ्या मुलाच्या ताटातलं अजून काढून घेतलं तर कुपोषण मात्र नक्की होऊ शकतं. खरी अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टर तपासून सांगतील.

निळीछत्री ताई, एक गोष्ट अजून झाली नसेल तर आधी करून घ्या, कानांची पूर्ण तपासणी. कान झाकतो म्हणजे ऐकू येतंच असं धरून चालू नका.

आता त्या ४० तासांबद्दल. तो आकडा १९८७ च्या एका अमेरिकन अभ्यासातून आलाय, त्यात ती थेरपी मिळालेली मुलं होती १९, आणि कोणत्या मुलाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं नव्हतं. त्यावरून जगभरच्या आईबापांना धाकात ठेवणं मला पटत नाही. आणि पाच वर्षांनी दार बंद होतं हेही खरं नाही, लवकर सुरू करणं चांगलं एवढंच, सात आठ वर्षांची मुलं बोलायला लागलेली मी स्वतः पाहिली आहेत. याउलट ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर एक अभ्यास झाला, दोन ते पाच वयाची मुलं होती, त्यात थेरपिस्ट मुलाबरोबर कमी आणि आईबाबांबरोबर जास्त बसायचे, घरी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि एकत्र बघायचा, मूल कधी तुमच्याकडे वळलं होतं आणि तुमच्या नजरेतून सुटलं ते शोधायचं. २०१० मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा आईबाबांच्या प्रतिसादात चांगला फरक दिसला पण लक्षणांवर फार परिणाम दिसला नाही. मग २०१६ मध्ये, साधारण सहा वर्षांनी त्याच मुलांना परत पाहिलं तेव्हा लक्षणांची तीव्रता नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. म्हणजे तुम्ही जमिनीवर बसून जे करणार आहात ते थेरपीचा नंबर लागेपर्यंतची तात्पुरती सोय आहे असं समजू नका.

व्हिडिओ तुम्हीही काढू शकता. दहा मिनिटं खेळा, फोन टेकवून ठेवा, रात्री दोघं मिळून बघा. नवरा बोलत नाही म्हणालात, त्यांना हे दाखवा, बघताना माणूस बोलतो.

खेळायचं कसं, तर तो चाकं फिरवतोय ना, तुम्ही पण एक गाडी उलटी करा आणि समोर बसून चाक फिरवा. "हे काय आहे? कोणता रंग? बोल गाडी, बोल" हे पूर्ण बंद. प्रश्न विचारले की मूल परीक्षेला बसल्यासारखं होतं. त्याऐवजी तो करतोय त्याला एक-दोन शब्द द्या, "फिरतंय", "थांबलं". आणि मग गप्प बसा. मनात दहा अंक मोजा. आपल्याला ते दहा सेकंद युगासारखे वाटतात, त्याला ऐकून समजून उत्तर जुळवायला तेवढे लागतात, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला परत बोलून त्याची गाडी पहिल्या स्टेशनवर नेऊन ठेवतो.

मनगट ओढणं थांबवू नका हं. तो तुमच्याशी बोलतोय ते. आलाय तुमच्याकडे, भिंतीकडे नाही गेला. त्याच क्षणी त्याच्या हातात त्या वस्तूचा फोटो द्या, तो फोटो तुमच्या हातात आला की लगेच वस्तू द्या, लगेच म्हणजे लगेच. चित्र देऊन मागायची ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. पुढे टॅबवरची बोलणारी अ‍ॅप्स पण आहेत. सगळे आईबाबा विचारतात की चित्रं दिली तर तो बोलायचा आळस करेल का. नाही करत. यावर बरेच अभ्यास झालेत, चित्रांमुळे किंवा अ‍ॅपमुळे बोलणं मागे पडत नाही, काही मुलांचं थोडं पुढेच जातं.

आता "पूल तुटला". ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलालिया म्हणतात आणि बहुतेक वेळा त्याला अर्थ असतो, फक्त तो शब्दांचा अर्थ नसतो. त्या वाक्याबरोबर कार्टूनमध्ये जी भावना होती ती त्याने उचलली असेल. दोनवेण्यांनी सांगितलेल्या वहीत हे पण लिहा, पूल तुटला म्हणाला तेव्हा काय चाललं होतं. आठवडाभरात काहीतरी दिसेल.

---

खिडकीजवळचा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, चौतीस वर्षांचा, निदान एकतिसाव्या वर्षी झालं. मी बोलतो, नोकरी करतो, त्यामुळे मी तुमच्या मुलासारखाच आहे असं म्हणणार नाही. पण मिक्सर आला की पळून जाणारा मुलगा मी पण होतो म्हणून लिहितोय.

तुम्ही स्वमग्नता शब्दाचं लिहिलंत. मलाही तो शब्द आवडत नाही. त्यातून असं वाटतं की मूल आत कुठेतरी बुडालंय आणि बाहेरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या बाबतीत उलट होतं, सगळंच पोचायचं, एकाच वेळी, सारख्याच जोरात. ट्यूबलाइटची घरघर, शर्टाच्या मागचं लेबल, तिसऱ्या खोलीतला पंखा आणि त्यात आईचा आवाज, सगळं एका पातळीवर, मग आईचा आवाज वेगळा काढायचा कसा. मी चाकं नाही, दोरीचं टोक फिरवायचो. त्याकडे बघितलं की बाकीचं सगळं मागे सरकायचं आणि मला श्वास घेता यायचा. माझी ती सवय "सुटायला" हवी म्हणून दोरी काढून घेतली गेली, मग मी नखं कुरतडायला लागलो, रक्त येईपर्यंत. म्हणून कळकळीने सांगतो, चाकं फिरवू द्या, हात हलवू द्या, उड्या मारू द्या. त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच पर्याय शोधायचा, आणि तोही पर्याय, बंदी नाही.

डोळ्यात बघ म्हणून हनुवटी धरून वळवू नका. मी डोळ्यात बघतो तेव्हा ऐकू शकत नाही, ऐकायचं असेल तर मला खिडकीकडे बघावं लागतं.

मिक्सरचं सोपं आहे. लावायच्या आधी त्याला मिक्सरचा फोटो दाखवा, कान झाकायचे हेडफोन द्या, दार लावून घ्या. जमलं तर तो बागेत गेला असताना उरका. सवय व्हावी म्हणून मुद्दाम लावून दाखवू नका, सवय होत नसते, नुसता विश्वास जातो.

आणि प्रेम कळतं. आई दुसऱ्या खोलीत रडली तरी मला कळायचं, फक्त मी तिच्याकडे जाऊन काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी तिच्या उशीखाली माझी दोरी ठेवून यायचो. तिला ते खूप वर्षांनी मी सांगितलं तेव्हा समजलं.

---

रात्रपाळी

वरचं वाचून पाच मिनिटं काही टाइप करता आलं नाही.

मी बाबा आहे, आठ वर्षांच्या मुलाचा, तो बोलत नाही, टॅबवर टाइप करून बटण दाबतो. मी तीन गोष्टी सांगतो ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

सुरक्षा. निदान झालं त्या वर्षी तो एकदा दार उघडून निघून गेला होता, वीस मिनिटांनी सापडला, ती वीस मिनिटं मी अजून स्वप्नात बघतो. खूप ऑटिस्टिक मुलं अशी निघून जातात, आणि पाण्याची ओढ असते, अमेरिकेतल्या नोंदींमध्ये अशा निघून गेलेल्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बुडणं हेच आहे. दाराला वर हात पोचणार नाही तिथे कडी लावा, खिडक्या बघा, पाण्याने भरलेलं काही उघडं ठेवू नका, कपड्यात किंवा मनगटावर तुमचा नंबर असू दे, आणि पोहायला शक्य तितक्या लवकर शिकवा.

झोप. बारा वाजता झोपतो म्हणजे तुम्ही दोघंही झोपत नाही. रोज त्याच क्रमाने तेच, दिवे मंद, झोपायच्या तासभर आधी स्क्रीन नाही, सकाळी उठायची वेळ सुट्टीतही तीच. आणि डॉक्टरांना पोटाचं आणि लोहाचं तपासायला सांगा. आमच्या मुलाला चार महिने बद्धकोष्ठता होती, सांगता येत नव्हतं, रात्री डोकं आपटायचा, आम्ही त्याला ऑटिझमचाच भाग समजत होतो. पोट साफ झालं आणि डोकं आपटणं जवळजवळ थांबलं. वागणं अचानक बदललं की आधी दात, कान, पोट बघायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगत फिरतो. ऑटिस्टिक मुलांमध्ये फिट्सचं प्रमाणही जास्त असतं, कधी एकटक शून्यात गेल्यासारखा वाटला आणि हाक, स्पर्श कशालाच प्रतिसाद नसेल तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. झोपेसाठी देतात ते मेलाटोनिन वगैरे मनाने सुरू करू नका, विचारून.

तिसरं, आता तुमच्याकडे "पूर्ण बरा करतो" म्हणणारे येतील. ऑटिझम घालवणारं औषध नाही. मी स्वतः एका ठिकाणी वर्षभराची बचत घालवली, नाव घेत नाही, राग गिळून बसलोय. शरीरातले जड धातू काढतो म्हणून किलेशन करतात, २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा त्यात दगावला. चमत्कारी द्रावण म्हणून क्लोरीन डायऑक्साइड पाजतात, ते चक्क ब्लीच आहे. स्टेम सेलच्या नावाने लाखो उकळतात, पुरावा नाही. तुम्ही घाबरलेल्या आहात, घाबरलेल्या आईबापांच्या खिशातच या लोकांचा हात असतो.

तुमचे मिस्टर गप्प आहेत ते पण लिहितो. मी तीन महिने गप्प होतो. मला वाटायचं मी तोंड उघडलं तर रडेन आणि मग बायको कोणाकडे बघणार. त्यांना कुठलं तरी एक काम पूर्ण द्या, अंघोळ किंवा झोपवणं, त्यात तुम्ही मधे पडायचं नाही, चुकलं तरी. मला अंघोळ दिली होती बायकोने. तिथेच आमची दोघांची ओळख झाली असं म्हणा.

---

निळीछत्री

अकरा दिवसांनी लिहितेय, तुमचं सगळ्यांचं सगळं तीन-चारदा वाचलं. खिडकीजवळचा दादा, तुमचं ते दोरी आणि उशीचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून मुलाच्या शेजारी जाऊन झोपला, काही न बोलता. दुसऱ्या दिवसापासून झोपवायचं काम त्याच्याकडे आहे. अजून साडेदहा-अकरा होतातच पण बारा नाही.

कानांची तपासणी झाली, ठीक आहेत.

वही ठेवली. बागेतून येतानाचं लिहिते. मला वाटत होतं त्याला घरी यायचं नसतं. सहा दिवस लिहिल्यावर दिसलं की लोळण नेहमी एकाच जागी, बागेच्या कुंपणापाशी. तो कुंपणाच्या प्रत्येक गजाला हात लावत चालतो आणि मी घाईत असते म्हणून मधेच त्याला उचलून रस्ता ओलांडते. म्हणजे त्याचे गज राहून जातात. सातव्या दिवशी मी थांबले, त्याने शेवटच्या गजापर्यंत हात लावला, आणि स्वतःहून माझा हात धरून घरी आला. चार मिनिटं लागली. चार मिनिटांसाठी मी रोज त्याला रस्त्यात रडवत होते.

आणि पूल तुटला. ध्वनिलहर ताई, तुम्ही म्हणालात तसं आठवड्यात दिसलं. मिक्सरला म्हणतो, अनोळखी माणूस आला की म्हणतो, ब्लॉक्स पडले की म्हणतो, आणि परवा मी ओट्यापाशी रडत होते तेव्हा माझ्याजवळ येऊन माझ्या गुडघ्याला धरून हळूच म्हणाला. कार्टूनमध्ये पूल तुटतो तेव्हा सगळे घाबरतात आणि मग सगळे मिळून दुरुस्त करतात. काहीतरी बिघडलंय असं सांगायला त्याच्याकडे तेवढं एकच वाक्य आहे आणि मी दीड वर्ष ते अर्थ नसलेलं समजत होते. आता मी पण म्हणते, "पूल तुटला. आवाज मोठा झाला." बघतो माझ्याकडे, क्षणभर.

फोटोची पट्टी चालली नाही, चावून टाकली. फुगे चालले, सासूबाईंनी मनावर घेतलंय.

नखांचं मात्र काहीच जमत नाहीये. पाय बरे पण हाताची अजिबात नाही. काही सुचवाल का?

---

दोनवेण्या

पट्टी चावली तर लॅमिनेट कर आणि एकच फोटो दे, बाकी आत्ता नको. गजांचं वाचून फार बरं वाटलं गं.

---

खिडकीजवळचा

नखांसाठी, मला अजून त्रास होतो म्हणून माहीत आहे. कात्रीचा कट् असा आवाज आणि नख कापल्यावर बोटाच्या टोकाला हवा लागते ती, दोन्ही सहन होत नाही. अंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा करा, आवाज कमी येतो. आधी ते बोट घट्ट दाबून धरा, पाच अंक, हळुवार नाही, घट्ट, हळू स्पर्श आम्हाला जास्त टोचतो. कापायच्या ऐवजी घासायची फाइल चालते का बघा, काहींना ती अजून वाईट वाटते. आणि एका दिवशी एकच नख. कापून झाल्यावर परत दाबा. धरून ठेवायला दुसरं कोणी नको, त्याने हात ओढला तर सोडून द्या, त्याला कळलं पाहिजे की ओढला की सुटतो.

---

ध्वनिलहर

यात एक भर. कापायच्या आधी बोट त्याच्यासमोर धरून "एक नख, मग संपलं" आणि खरंच तिथे संपवायचं, तो शांत बसला म्हणून मोहात पडून दुसरं कापायचं नाही.

---

निळीछत्री

आज अंघोळीनंतर केलं. दाबलं, पाच मोजले, डाव्या हाताचा अंगठा. हात ओढला, सोडला. मग त्याने स्वतः परत पुढे केला. पूल तुटला म्हणाला पण रडला नाही. एक झालं, मोह झाला होता पण थांबले. नऊ राहिलीत, उद्या तर्जनी.